रिकाम्या बुटांची तब्येत

प्रोफेसर फोक्टांनी आमच्या दारात बूट काढले आणि त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठ्याने बाहेर डोकावून पाहिलं.

"काढायलाच हवेत असं काही नाही, प्रोफेसर," मी म्हणालो. जर्मनीत पाच वर्षं काढल्यावर माणूस सभ्यपणे खोटं बोलायला शिकतो.

"नाही, हेर शेलार," ते म्हणाले. जर्मनीत 'हेर' म्हणजे श्रीयुत. "तुमच्या घरात तुमची पद्धत," असं म्हणून त्यांनी आपले शेहेचाळीस नंबरचे बूट अनूमावशीच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले. होडीशेजारी दोन पणत्या ठेवाव्यात तसं ते दिसत होतं.

अनूमावशी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "केवढा लांब माणूस रे दिनू," ती मला मराठीत म्हणाली. "याला पोळ्या पुरतील का?"

"काय म्हणतायत?" फोक्टांनी विचारलं.

"तुमचं स्वागत करतेय."

अनूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. विट्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने चौतीस वर्षं शिकवलं आणि त्यातलं एक वर्ष चौथीच्या वर्गात मला शिकवलं. त्यामुळे माझ्याविषयी तिचे कसलेच गैरसमज उरले नव्हते. निवृत्तीनंतर ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. माझी बायको वैजू दिवसभर एका ग्रंथालयात असायची, म्हणून मावशीने पहिल्या आठवड्यातच घराचा ताबा घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्यांचा. त्यांच्यात भाषा एकही सामाईक नव्हती, पण गुडघे सगळ्यांचेच दुखत होते.

फोक्ट आमच्या संस्थेतल्या प्रकल्पाचे प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. 'स्मार्ट सिस्टीम्स इंटिग्रेशन' हे आमच्या विषयाचं नाव. ते उच्चारलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नसे, हा त्याचा मोठा फायदा. एरवी गोष्ट साधी होती. एक जाणणारा, एक विचार करणारा, एक बोलणारा आणि एक या तिघांना जेवू घालणारा, अशा चौघांना एका काडेपेटीत गुण्यागोविंदाने नांदवायचं. युरोपात तेव्हा अशा संशोधनाला बरकत होती. फक्त एकाच देशाने सगळं करायचं नाही, असा दंडक होता. आमचा प्रकल्प बुटात घालायच्या एका पातळ पट्टीचा. तिच्यात सेन्सर फिनलंडचा, चिप ऑस्ट्रियाची, आवरण इटलीचं, सॉफ्टवेअर हॉलंडचं. आणि हे सगळं एकत्र जोडायचं काम जर्मनीचं, म्हणजे फोक्टांचं, म्हणजे माझं.

पट्टी मधुमेहाच्या रोग्यांसाठी होती. त्यांच्या पायांची जाणीव जाते, बुटात खडा गेला तरी कळत नाही. तळव्यावर एखाद्या जागी दाब वाढला की पट्टी ते ओळखणार आणि दिवा लाल करणार. एरवी हिरवा. बुधवारी ब्रसेल्सकडून परीक्षक येणार होते. ते समाधानी झाले, तर पुढच्या एक तारखेपासून इथल्या इस्पितळातले चाळीस रोगी पट्टी घालून फिरायला लागणार होते.

चौथ्या पोळीनंतर फोक्टांनी कटाची आमटी कपातून प्यायला घेतली आणि मूळ मुद्द्यावर आले.

"हेर शेलार, फ्राउ लिंडनर जिन्यावरून पडल्या. मनगट मोडलं."

फ्राउ लिंडनर म्हणजे आमच्या प्रात्यक्षिकातल्या रोगी, निवृत्त शिंपीण. फिनलंडने सेन्सरचे पातळ पत्रे मोजूनमापून पाठवल्यामुळे नमुन्याची पट्टी सदतीस नंबरचीच होऊ शकली होती, आणि त्या गावात मधुमेह असलेला, बुधवारी मोकळा असलेला सदतीस नंबरचा दुसरा पाय मिळणं कठीण होतं.

"म्हणजे प्रात्यक्षिक रद्द?"

"तसंच वाटत होतं," फोक्ट म्हणाले, "तुमच्या दारात बूट काढेपर्यंत. त्या चपला सदतीस नंबरच्या आहेत. आणि तुम्ही मागे म्हणाला होतात, मावशींना वीस वर्षं मधुमेह आहे."

मावशीने मला विचारलं, "काय म्हणतोय?"

"तुला बुधवारी बूट घालून चालायचंय. पाहुण्यांसमोर."

"एवढंच? मला वाटलं आणखी पोळी मागतोय."

*

संमतिपत्र चौदा पानांचं होतं. सोमवारी सकाळी चहाबरोबर मी ते मराठीत वाचून दाखवलं आणि मावशीने ते एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तसं ऐकलं. सूचना देणारा माणूस सांगेल त्याप्रमाणे वागेन, अशी त्यात एक ओळ होती. सूचना देणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं, कारण मावशीशी बोलू शकणारा दुसरा कुणी त्या संस्थेत नव्हता.

"काळ असा फिरतो बघ," ती म्हणाली आणि सही केली. मग पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हिरवा म्हणजे काय?"

"पाय ठीक आहे."

"लाल?"

"बूट काढून पाय बघा."

"आणि ही पट्टीच बंद पडली तर?"

मी चहात साखर घालत राहिलो.

"दिनू, मी काय विचारतेय?"

"हिरवा."

"का?"

"बंद पडलेला सेन्सर शून्य सांगतो. शून्य म्हणजे दाब नाही. दाब नाही म्हणजे धोका नाही. म्हणून हिरवा."

मावशीने पट्टीवरून बोट फिरवलं. थोरातकाका, तिचे यजमान, एस.टी.त कंडक्टर होते. त्यांच्या चपलेत खिळा वर आला होता. दुखत नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही, सांगितलं नाही म्हणून कुणी पाहिलं नाही. सांगलीला नेलं तोवर पाय घोट्यापासून काढावा लागला. दोन वर्षांनी काकाही गेले.

"हे त्या लांब माणसाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना आहे. मी तीन बैठकांत मांडलं. इतिवृत्तात आहे."

खरंच होतं. पहिल्या बैठकीत फिनलंड म्हणालं, सेन्सर शून्याला शून्यच म्हणणार, त्यात त्याची काय चूक. दुसऱ्या बैठकीत ऑस्ट्रिया म्हणालं, चिपला शून्य मिळालं आणि तिने ते इमानाने पुढे दिलं. तिसऱ्या बैठकीत हॉलंडच्या यानने दोनशे पानांचं विनिर्देशपत्र, म्हणजे पट्टीने काय काय करायचं त्याची यादी, उघडून दाखवलं. त्यात 'ठीक' होतं, 'धोका' होतं. 'माहीत नाही' असं कुठेच नव्हतं. तिसरा दिवा घालायचा तर इटलीला आवरण बदलावं लागणार, त्यासाठी सगळ्या देशांच्या सह्या नव्याने लागणार, म्हणजे सहा महिने. फोक्ट म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात बघू." दुसरा टप्पा इस्पितळातल्या चाळीस जणांनंतर होता.

"मग सांग की त्या पाहुण्यांना बुधवारी."

"सांगता येत नाही. परीक्षकांपुढे सगळ्यांनी एका आवाजात बोलायचं, असं ठरलेलं असतं. सही केलीय मी. आणि डिसेंबरात माझा करार संपतो, मावशी. तो वाढवणं फोक्टांच्या हातात आहे. करार नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर वैजूचं काम नाही."

मावशीने पट्टी टेबलावर ठेवली. "एका आवाजात," ती म्हणाली. "आमच्या शाळेत शिक्षणाधिकारी यायचे तेव्हा आम्हीही असंच करायचो. छप्पर गळायचं तिथे नकाशा लावायचो."

एवढं म्हणून ती भाजी चिरायला गेली.

*

बुधवारी दहा वाजता बैठकीच्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. खोलीच्या भिंतीवर संस्थेच्या संस्थापकाचं तैलचित्र होतं. दाढी छातीपर्यंत आलेला, कपाळाला आठ्या घातलेला तो गृहस्थ सगळ्या बैठका नापसंतीने ऐकत असे.

परीक्षक तीन होते, पण निर्णय एकीच्याच हातात. डॉ. तैशेरा, पोर्तुगीज, ठेंगण्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि काहीच लिहून घ्यायच्या नाहीत, त्यामुळे सगळे घाबरून होते.

कार्यक्रम ठरलेला होता. रोग्याने दारातून चालत आत यायचं, खिडकीपर्यंत जायचं, पडद्यावर हिरवा गोल दिसणार. मग एका लाकडी ठोकळ्यावर पाय द्यायचा. ठोकळ्यावर एक उंचवटा होता, त्यावर टाच पडली की गोल लाल. मंगळवारी रंगीत तालीम झाली होती. मावशीने तीनदा चालून तीनदा लाल करून दाखवलं होतं आणि यानने टाळ्या वाजवल्या होत्या.

"रोग्याला बोलवा," फोक्ट म्हणाले.

मी बाहेर गेलो. बाहेर बाकावर मावशी बसली होती. निळी, रुंद काठाची सहावारी, वर वैजूचा स्वेटर, पायात संस्थेने दिलेले काळे बूट. मिनिटभराने आम्ही दोघं आत आलो.

पडद्यावर हिरवा गोल होता.

"पहा," फोक्ट म्हणाले. "रोगी चालते आहे. दाब पूर्णपणे मर्यादेत."

मावशी सावकाश चालत होती. साडीचा काठ गालिचा झाडत चालला होता. पडद्यावर गोलाच्या खाली एक आलेख असे, पावलागणिक वर-खाली होणारा. आज तो इस्त्री केल्यासारखा सरळ होता.

"चाल फारच स्थिर आहे," दुसरे परीक्षक म्हणाले.

"ती आमच्या गाळणीची करामत," यान म्हणाला. "नको असलेली थरथर आम्ही काढून टाकतो."

"विलक्षण," ते परीक्षक म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

मावशी खिडकीपर्यंत जाऊन वळली. जाताना तिने तैलचित्राकडे मान वर करून एकदा नीट पाहिलं. मग ठोकळ्यापाशी येऊन माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने साडी चिमटीत धरून वर उचलली आणि ठोकळ्यावर पाय ठेवला.

पायात जाड लोकरी मोजा होता. तांबड्या लोकरीचा, तिने स्वतः विणलेला. बूट नव्हता.

गोल हिरवाच राहिला.

त्या खोलीत किती वेळ कुणी बोललं नाही ते सांगता येणार नाही, कारण इतिवृत्त मी लिहीत होतो आणि मी ते लिहिलं नाही.

"मॅडम," डॉ. तैशेरांनी शेवटी विचारलं, "तुमचे बूट?"

मी भाषांतर केलं. मावशीने दाराकडे बोट दाखवलं. "दारात."

डॉ. तैशेरा उठल्या. त्यांच्यामागून दोन परीक्षक, त्यांच्यामागून पाच देश. दाराबाहेर पायपुसण्यावर ते काळे बूट टाचा जुळवून उभे होते आणि दोन्ही बुटांच्या जिभेवर इवलासा दिवा हिरवा तेवत होता. डॉ. तैशेरांनी एक बूट उचलून आडवा केला. हिरवा. पट्टी बाहेर काढली. हिरवा. पट्टीतून चिपकडे जाणारी तार त्यांनी नखाने अलगद सोडवली. हिरवा. मग ती पट्टी त्यांनी खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत उभी करून ठेवली. आत यानच्या पडद्यावर जिरेनियमचेही पाय ठणठणीत निघाले.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते सांगितलं नाही.

"सेन्सरने शून्य मोजलं," फिनलंड म्हणालं. "शून्यच होतं."

"चिपने ते शून्य—" ऑस्ट्रियाने सुरुवात केली.

"मी त्यांना विचारते आहे," म्हणून डॉ. तैशेरा मावशीकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही रोगी. तुम्हाला काय वाटतं?"

मावशी तोवर फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसली होती. तिने विचार केला आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "बाई, मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गातून आवाज येत नसला म्हणजे पोरं अभ्यास करतायत असं नसतं. कधी कधी सगळा वर्ग ओढ्यावर पोहायला गेलेला असतो. म्हणून आधी हजेरी घ्यायची. मग शिकवायचं."

मी शब्द न शब्द भाषांतरित केला. त्या प्रकल्पात एवढं मनापासून मी दुसरं काही केलं नाही.

डॉ. तैशेरांनी पहिल्यांदाच पेन उघडलं. "तो शब्द काय म्हणालात? हाजेरी?"

"हजेरी," मावशीने दुरुस्त केलं.

*

प्रकल्प बंद पडला नाही. युरोपीय प्रकल्प असा सहजासहजी बंद पडत नाही, त्यालाही सगळ्यांच्या सह्या लागतात. इस्पितळातला प्रयोग मात्र थांबला. तिसरा, पिवळा दिवा घालून, दर पावलाला पट्टीने आधी सगळे सेन्सर हजर आहेत का ते तपासावं, अशी अट पडली, आणि अहवालाच्या सहाव्या कलमात तो मराठी शब्द तसाच राहिला. सहा महिने लागतील असं जे सगळे म्हणत होते, ते काम अकरा आठवड्यांत झालं. चाळीस रोग्यांना पट्टी मिळाली ती पिवळ्या दिव्याची. पहिल्याच महिन्यात सात जणांचा दिवा पिवळा झाला, कारण घामाने तारा सुटत होत्या. हे मला पुढे यानने पत्राने कळवलं. पत्राने, कारण तोवर मी पुण्यात होतो. डिसेंबरात माझा करार वाढला नाही. कारण दिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

त्या बुधवारी सगळे जेवायला गेल्यावर फोक्टांनी मला मागे थांबवून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हेर शेलार, खरं सांगा. त्या बूट काढतील हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं."

"आमच्याकडे पद्धत आहे, प्रोफेसर," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घालून आपल्याच बुटांकडे पाहिलं. "रविवारी मी स्वतः तुमच्या दारात काढले," ते म्हणाले. "म्हणजे लक्षात माझ्याच यायला हवं होतं. चूक माझी आहे." आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

त्यांनी चिडून चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

मग मी मावशीला घेऊन निघालो. ट्रामच्या थांब्यावर कोवळं ऊन होतं. मावशी बाकावर बसली, पायांत आता तिच्या स्वतःच्या चपला, तांबड्या मोज्यांवरून. समोरच्या बेकरीतल्या बाईला तिने ओळख असल्यासारखा हात केला. मग म्हणाली,

"आत सरस्वती कुठे होती रे?"

मी ट्रामचं वेळापत्रक वाचायला लागलो.

दाराबाहेर मिनिटभर आम्ही दोघंच होतो तेव्हा तिने विचारलं होतं, 'बूट घालूनच जायचं ना रे?' आणि मी म्हणालो होतो, 'काढ मावशी. आत सरस्वतीची तसबीर आहे.'

"तो दाढीवाला होता," मावशी म्हणाली. "सरस्वतीला दाढी मी पहिल्यांदा बघितली."

"तुला आत गेल्यावर कळलं?"

"दारातच कळलं. चौथीत तू खोटं बोललास की डावा कान चोळायचास. आजही चोळत होतास."

"मग काढलेस कशाला?"

"चौदा पानांवर सही घेतलीस ना माझ्याकडून? सूचना देणारा सांगेल तसं वागेन म्हणून?" तिने पदर सारखा केला. "शिवाय म्हटलं, हा पोरगा एवढं उघड खोटं बोलतोय, म्हणजे खरं बोलायला याला जागा उरलेली नाही."

ट्रामचा खडखडाट लांबून ऐकू यायला लागला.

"नोकरी जाईल का रे?"

"जाईल बहुतेक."

मावशीने मान हलवली. तिने पाय पुढे ताणून आपल्या मोज्यांतली बोटं हलवून पाहिली, आधी उजव्या पायाची, मग डाव्या.

"तुझे काका रोज संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, पाय बरा आहे ना? म्हणायचे, बरा आहे," ती म्हणाली. "दीड महिना. मी कधी मोजा काढून बघितला नाही."

ट्राम आली, दार उघडलं. मी तिचा हात धरला. पायरीवर एक पाऊल ठेवून ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"हिच्यात आहे का सरस्वती?"

"नाही, मावशी."

"कान सोड आधी."

मी कान सोडला.

"नाही ना? मग घालूनच चढते," ती म्हणाली.